दुचाकीला प्रवेश नाही

आमच्या घरात ‘गाडी’ या शब्दाचे तीन अर्थ आहेत आणि ते तीन पिढ्यांनी वाटून घेतले आहेत. आजीसाठी गाडी म्हणजे शकुंतला. कारंज्याच्या स्टेशनात ती धापा टाकत यायची आणि आजी तिच्यात बसून मूर्तिजापूरला उतरायची. बाबांची गाडी म्हणजे एसटी. मी गाडी म्हणतो ती मोटरसायकल, शंभर सीसीची आणि बारा वर्षं जुनी. त्यामुळे २०२४ च्या डिसेंबरात आईने फोनवर “गाडीनं येजो बाबू, गाडीनं येऊ नको,” असं एका दमात सांगितलं, तेव्हा त्यात विसंगत काही नव्हतं. तिला काय म्हणायचंय ते मला कळलं. ऐकायचं मात्र नव्हतं.

दत्तजयंती १४ डिसेंबर २०२४ ला, शनिवारी होती. नृसिंह सरस्वतींचं जन्मगाव म्हणून कारंज्याच्या गुरुमंदिरात त्या दिवशी मुंगीला शिरायला जागा नसते. आमच्या धनजहून कारंजं हाकेच्या अंतरावर, त्यामुळे दिवाळीला नाही आलास तरी चालेल पण दत्तजयंती चुकवू नको, असा घरचा दंडक. दिवाळी खरोखरच चुकली होती. तेव्हा पुण्याहून विदर्भाकडे निघणाऱ्या रेल्वेची यादी ‘वेटिंग’च्या तीन आकड्यांत होती, आणि खासगी ट्रॅव्हल्सचं भाडं बघून मी फोन पालथा ठेवला होता.

या भाड्याचा एक नियम आहे. २७ एप्रिल २०१८ च्या शासननिर्णयाप्रमाणे खासगी बसला एसटीच्या त्याच प्रकारच्या गाडीच्या दीडपटीहून जास्त भाडं घेता येत नाही. दिवाळीच्या आठवड्यात तिकीट काढलेल्या माणसाला हा नियम वाचून दाखवा आणि त्याचा चेहरा बघा. रेल्वेचं आरक्षण १ नोव्हेंबर २०२४ पासून एकशेवीसऐवजी साठच दिवस आधी उघडतं. साठ दिवस आधी आपल्याला सुटी मिळणार की नाही, हे चाकणच्या कंपनीत कंत्राटावर लागलेल्या पोराला कोण सांगणार? साठ तासांपूर्वी कळलं तरी तो नशीब समजतो. आणि तिकीट मिळालं तरी रेल्वे आम्हाला मूर्तिजापूरला नाहीतर बडनेऱ्याला सोडते. पुढची मजल ज्याची त्याने बघायची.

पूर्वी ती मजल शकुंतला मारायची. मूर्तिजापूर ते यवतमाळ ११३ किलोमीटर, अरुंद रूळ, मध्ये कारंजं. मँचेस्टरला १९२१ साली घडवलेलं तिचं वाफेचं इंजिन १९२३ मध्ये कामाला लागलं आणि १५ एप्रिल १९९४ पर्यंत राबलं. स्वातंत्र्यानंतरही हा मार्ग एका खासगी कंपनीच्या मालकीचा राहिला, हे सांगितलं की पुण्यातल्या मित्रांना ती दंतकथा वाटते. पुढे डिझेल इंजिन आलं, मग तीही गाडी बंद झाली. रूळ गवतात गेले.

तर, गाडीने. म्हणजे माझ्या.

पुण्याहून धनज साडेपाचशे किलोमीटरच्या आसपास. नगर, छत्रपती संभाजीनगर, जालना, सिंदखेडराजा, मेहकर, मालेगाव, शेलूबाजार, कारंजा, आणि तिथून अमरावतीच्या रस्त्याला धनज. हे अंतर शंभर सीसीवर एका दिवसात कापायचं तर पहाटे चारला निघावं लागतं, आणि डिसेंबरात पहाटे चार म्हणजे थंडीच्या तोंडात मान देणं.

या थंडीचं गणित थोडं समजून घेण्यासारखं आहे. गार वाऱ्यात अंगाला जाणवणारी थंडी मोजायचं एक सूत्र कॅनडा आणि अमेरिकेने २००१ साली स्वीकारलं. त्यात पारा १० अंश आणि वाऱ्याचा वेग ताशी ६० किलोमीटर घातला तर उत्तर येतं ५ अंश. वारा नसला तरी फरक पडत नाही, कारण तो तुम्ही स्वतःच तयार करत असता. गाडी साठने पळाली की वारा साठचा. शिवाय हे सूत्र चालणाऱ्या माणसाच्या चेहऱ्यावरून बेतलेलं आहे. हँडल घट्ट धरून तीन तास न हलणाऱ्या बोटांचं त्यात काही नाही. बोटं आधी दुखतात, मग जड होतात, मग दुखायची थांबतात. दुखायची थांबली की थांबायचं. ब्रेक दाबायला पाऊण सेकंद जास्त लागतोय हे त्या बोटांना कळत नसतं.

यावर बाजारात महागडी जाकिटं आहेत. या रस्त्यावरच्या पोरांचे उपाय वेगळे. छातीवर वर्तमानपत्राची घडी आणि वर जर्किन. सॉक्सवर दुधाच्या रिकाम्या पिशव्या आणि त्यावर बूट. हँडलच्या दोन्ही टोकांना रेक्झिनची जाड कव्हरं, ज्यात मनगटापर्यंत हात जातो. हेल्मेटच्या आत कानटोपी. मी हे सगळं केलं होतं, शिवाय आईने विणलेला गळपट्टा, जो पुण्यात मी लाजेने घालत नाही. मागे कॅरियरला ट्यूबच्या पट्टीने आवळलेली बॅग, तिच्यात बाबांसाठी गुडघ्याचे पट्टे आणि आईसाठी चितळ्यांची बाकरवडी. क्लचची एक जास्तीची वायर जुन्या वायरीला चिकटटेपने बांधून ठेवली होती. वाटेत तुटली तर दोन टोकं बदलायची की काम झालं. ही युक्ती बाबांची, एम-एटीच्या काळातली.

शुक्रवारी चारला निघालो. वाघोली, शिक्रापूर, रांजणगाव. पुण्याहून नगरला जाणारा हा तोच रस्ता, ज्यावर १ जून १९४८ ला एसटीची पहिली बस धावली, उलट्या दिशेने, नगरहून पुण्याला. रांजणगावच्या एमआयडीसीजवळ चहाच्या टपरीवर दोन पोरं भेटली, एकाच गाडीवर, मेहकरच्या बाजूची. रात्रपाळी संपवून तशीच निघालेली. मी त्यांना झोपेचं विचारलं तेव्हा मागे बसणारा म्हणाला की आम्ही आळीपाळीने झोपतो. म्हणजे मागचा पुढच्याच्या पाठीवर डोकं टेकून झोपतो, आणि पडू नये म्हणून दोघांच्या कमरेभोवती एकच ओढणी बांधलेली. मला काही बोलावंसं वाटलं, पण मी कोण सांगणारा? आम्ही नगरपर्यंत पुढेमागे राहिलो.

शिरूरला, जुन्या माणसांच्या घोडनदीला, नदीवर धुकं असं बसलं होतं की पुलाचा दुसरा कठडा दिसेना. समोरून येणाऱ्या ट्रकचे दिवे आधी पिवळट डाग, मग एकदम डोळ्यांत. सुपा सोडलं की उघडं माळरान लागतं आणि सूर्य उगवायच्या आधीचा अर्धा तास सगळ्यात वाईट असतो. तिथे मी उतरलो आणि दोन्ही तळवे इंजिनच्या फिन्सवर धरले. रस्त्याकडेला उकिडवं बसून गाडीला मिठी मारलेला माणूस पाहून एक टेम्पोवाला थांबला. त्याला वाटलं, अपघात झाला. चांगला माणूस.

नगरच्या पुढे दुसरी भीती. १५ नोव्हेंबरला साखर कारखान्यांचं गाळप सुरू झालं होतं. घोडेगाव ते नेवासा फाटा या पट्ट्यात उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर, मागे दिवा नाही, असला तर उसाच्या पाल्यात गडप. अंधारात हे चालतं गोदाम पंधरा फुटांवर येईपर्यंत दिसत नाही. याच ट्रॉल्यांवर, उसावर नाही तर रिकाम्या असताना, बायका-पोरं, भांडी, कोंबड्यांचं खुराडं घेऊन बसलेली ऊसतोड कुटुंबं दिसतात. आम्ही सुटीला घराकडे चाललेलो असतो त्याच मोसमात ती घरापासून लांब असतात, आणि दोघांचा रस्ता एकच.

देशात २०२२ साली रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं मेली. त्यांतली साडेचव्वेचाळीस टक्के दुचाकीवरची होती. हा आकडा मी पाठ केलेला नाही, आईला मात्र कोणी सांगायची गरज पडत नाही. तिच्या माहितीत गावचे आणि आसपासचे किती गेले याची वेगळी मोजणी असते.

प्रवरासंगमावर ऊन आलं. प्रवरा-गोदावरीच्या पाण्यावरून वाफ निघत होती, आणि पुलावर गाडी लावून मी पहिल्यांदा हातमोजे काढले. पुढे वाळूज. बजाजचा कारखाना इथे १९८५ पासून आहे आणि इथून निघालेल्या हजारो गाड्या वऱ्हाडात-मराठवाड्यात शेताच्या धुऱ्यावर युरियाची पोती वाहतात. सणासुदीला त्यांतल्या काही याच फाटकासमोरून घराकडे जातात, आपल्या माहेराकडे ढुंकूनही न बघता.

जालन्यापर्यंत मोसंबीचे ढीग, सळ्यांचे कारखाने, रस्ता बरा. मग सिंदखेडराजा. जिजाऊंच्या जन्मगावी १२ जानेवारीला जो जनसागर लोटतो, त्यात मोटरसायकलींचा वाटा मोठा. भगवे झेंडे लावलेल्या गाड्या पहाटेच निघतात. डिसेंबरात मात्र लखुजीराजांच्या वाड्यासमोर शांतता होती. वाड्याच्या सावलीत भाकरीचा डबा उघडला. पुण्यात बांधून घेतलेला डबा चविष्ट नसतो, पण अर्ध्या वाटेत कुणालाच तक्रार करायची नसते.

याच गावाजवळ, समृद्धी महामार्गावर, १ जुलै २०२३ च्या रात्री नागपूरहून पुण्याला निघालेली खासगी बस दुभाजकाला धडकून उलटली आणि पेटली. पंचवीस माणसं आत जळाली. बरीचशी तरुण, नोकरीसाठी नाहीतर शिक्षणासाठी पुण्याला निघालेली. वाशीम, यवतमाळ, वर्धा, नागपूर इकडच्या घरांत त्या रात्रीनंतर ‘बसनेच ये’ हे वाक्य पूर्वीसारखं ठाम राहिलं नाही. माझ्या आईचंही नाही. म्हणून ती “गाडीनं ये” म्हणताना थोडी अडखळते.

सिंदखेडराजापासून पुढे समृद्धी तुमची पाठ सोडत नाही. जुना रस्ता, ज्याला इकडे अजूनही ‘एक्स्प्रेस हायवे’ म्हणतात, कधी त्याच्या खालून जातो, कधी दूरवर सिमेंटची ती पांढरी रेघ दिसत राहते. नागपूर ते मुंबई ७०१ किलोमीटर. नागपूर-शिर्डीचा पहिला टप्पा ११ डिसेंबर २०२२ ला खुला झाला, इगतपुरी ते आमणे हा शेवटचा ५ जून २०२५ ला. वाशीम जिल्ह्यात मालेगाव, शेलूबाजार आणि कारंजा इथे त्यावर चढता-उतरता येतं. म्हणजे चारचाकीवाल्यांना येतं. चढायच्या प्रत्येक वाटेच्या तोंडाशी फलक असतो: दुचाकी, तीनचाकी, ट्रॅक्टर यांना बंदी.

बंदी बरोबर आहे, हे आधीच सांगून टाकतो. १२० ने जाणाऱ्या मोटारींच्या रांगेत माझी साठची गाडी म्हणजे ऊस वाहणारी ट्रॉलीच. माझी कुरकुर वेगळी आहे. ज्या शिवारातून तो रस्ता गेला तिथल्या माणसाचं वाहन दुचाकी आहे. शेत देणाऱ्याने मोबदल्याच्या पैशात पोराला पहिली घेऊन दिली ती दुचाकीच, आणि ती त्याच्याच शेतातल्या रस्त्यावर चालत नाही. त्याला पलीकडच्या धुऱ्यावर जायचं तर बोगद्यातून वळसा. मेहकर-मालेगाव पट्ट्यात जुन्या रस्त्यावरचे काही ढाबे बंद दिसले, शटरवर जुन्या कोल्ड्रिंकच्या जाहिराती. ज्यांच्या खिशात ताटभर जेवणाचे पैसे असायचे ते गिऱ्हाईक वरून निघून गेलं. खाली उरलो ते आम्ही, अर्धा चहा पिणारे.

चीनमध्ये आमच्यासारख्यांचीच एक मोठी फौज होती, तिला तिथे ‘मोटरसायकल सेना’च म्हणत. ग्वांगतोंगच्या कारखान्यांतले लाखो मजूर वसंतोत्सवाला, म्हणजे त्यांच्या ऐन हिवाळ्यातल्या नववर्षाला, ग्वांगशी आणि ग्वेचौमधल्या आपल्या डोंगरी गावांकडे दुचाकीवर निघत. कारण तेच: तिकीट नाही, आणि द्रुतगती मार्गावर दुचाकीला प्रवेश नाही. ३२१ क्रमांकाच्या जुन्या राष्ट्रीय रस्त्यावरून ते जात, बायको मागे, पोर मध्ये, अंगावर प्लास्टिक. २०१० नंतरच्या वर्षांत ही गर्दी इतकी वाढली की रस्त्यात तंबू उभे राहिले. तिथे गरम लापशी, आल्याचा चहा, गाडीची फुकट तपासणी, काही पंपांवर फुकट पेट्रोल, पुढे पोलिसांची गाडी. मग २६ डिसेंबर २०१४ ला ग्वेयांग-ग्वांगचौ वेगवान रेल्वे सुरू झाली आणि ही सेना वर्षागणिक ओसरत गेली.

आपल्याकडे रस्त्यात तंबू लागत नाहीत असं नाही. शेगावच्या पालखीला, पंढरीच्या वारीला वऱ्हाडातला माणूस स्वतःचं घर गहाण टाकल्यासारखा चहा-पोहे वाटतो. मेहकरला शारंगधर बालाजीच्या देवळात दर्शनाला थांबलो, तर तिथल्या एका आजोबांनी माझ्या बोटांकडे बघून आपल्या हातातला गरम पेला मला दिला. ही माया व्यवस्थेत का उतरत नाही कोण जाणे. डिसेंबरच्या दोन शनिवारी नगर-नेवासा रस्त्यावर शेकोटी आणि लाल दिवा, एवढंच लागतं.

एकदा मात्र सगळ्यांची भंबेरी उडाली होती. ऑक्टोबर २०२१ च्या शेवटी एसटीचा संप सुरू झाला, ४ नोव्हेंबरला लक्ष्मीपूजन होतं आणि गाड्या आगारात. तो संप पुढे एप्रिलपर्यंत रेंगाळला. त्या दिवाळीत बाबा मला म्हणाले होते की एसटीवाल्यांचंही घर आहे ना. त्यांचं बरोबर होतं. त्यानंतर मात्र आमच्या ओळखीतली बरीच पोरं दुचाकीवर आली ती परत बसकडे फिरली नाहीत. तुझ्या वेळेला निघणारी गाडी एकदा अंगवळणी पडली की फलाटावर उभं राहणं जमत नाही.

मालेगावच्या अलीकडे मागचं चाक डुगडुगू लागलं. खिळा. पंक्चरवाल्याने ट्यूब पाण्याच्या टोपल्यात बुडवली आणि एकाऐवजी तीन ठिकाणी बुडबुडे दाखवले. नवी ट्यूब टाकेपर्यंत सूर्य कलला होता, आणि मला नको असलेली गोष्ट झाली: शेवटचे सत्तर-ऐंशी किलोमीटर अंधारात.

अंधाराची भीती चोराची नाही, रोह्याची. नीलगायीला आमच्याकडे रोही म्हणतात. कारंजा-सोहोळचं काळविटांचं अभयारण्य, साडेअठरा चौरस किलोमीटरच्या आत बसणारं, याच भागात आहे. पण जनावरांना अभयारण्याची हद्द वाचता येत नाही. हिवाळ्यात हरभरा हिरवा झाला की रोह्यांचे कळप आणि रानडुकरं रात्री शेतात शिरतात, आणि शेतातून शेतात जायचं तर मध्ये रस्ता. दोन-अडीचशे किलोचा रोही दिव्यासमोर आला तर तो थांबतो, बाजूला होत नाही. शेलूबाजार सोडल्यावर मी गाडी चाळीसवर आणली. एका मोटारीने मागून हॉर्न वाजवून माझी लायकी काढली. काढू दे. पुढच्या वळणावर तिचेच मागचे दिवे लाल झाले. चार रोही शांतपणे रस्ता ओलांडत होते, शेवटचं पिल्लू.

कारंज्यात दिव्यांच्या माळा, गुरुमंदिराकडच्या रस्त्यावर दुकानं लागलेली, पेढ्यांचा आणि उदबत्तीचा वास. आत गेलो नाही. या अवतारात दर्शन नको, आणि एकदा खाली बसलो असतो तर उठलो नसतो. पुढे धनजपर्यंत तुरीचा वास सोबत होता. ओल्या तुरीच्या शेंगांचा, दव पडल्यावर येतो तो. त्या वर्षी सोयाबीनचा हमीभाव ४,८९२ रुपये होता आणि बाजारात त्याहून कितीतरी कमी मिळत होता, त्यामुळे तुरीवर सगळ्यांचा जीव टांगलेला. रस्त्याकडेला शेकोट्या. कापसाच्या गाठोड्यांवर बसून राखण करणारी माणसं. एकाने हात केला. ओळखीचा नव्हता, पण हात केला.

सव्वाआठला घरी पोचलो. आईने दारातच माझे कान हाताने चाचपले, जणू ते आहेत की वाटेत पडले. “सांगतलं होतं ना गाडीनं येऊ नको म्हणून,” ती म्हणाली, आणि लगेच सोल्यांची भाजी गरम करायला गेली. बाबांनी मला काही विचारलं नाही. टॉर्च घेऊन ते गाडीभोवती फिरले, चेन बोटाने दाबून पाहिली, मागच्या टायरवर अंगठा ठेवला आणि म्हणाले, “ढिली झाली चेन.” ताटावर बसल्यावर हात इतके थरथरत होते की भाकरी मोडता येईना. आईने मोडून दिली.

सकाळी उशिरा जाग आली. कारंज्याला आईला मागे बसवून न्यायचं ठरलं होतं. अंगणात आलो तर गाडी नव्हती. हरभऱ्यावर अळी दिसली म्हणून बाबा पहाटेच फवाऱ्याचा पंप मागे बांधून शेतात गेले होते. आई जरीची साडी नेसून, डोक्याला गजरा लावून ओट्यावर बसली होती आणि दर पाच मिनिटांनी रस्त्याकडे बघत होती.

“तुह्या बाबाले,” ती म्हणाली, “गाडी दिसली की राहवतच नाही.”